दहा रॉड

डंडी नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
भाजीमळ्यांची यादी माझ्याकडे असते.
दहा रॉडचा एक तुकडा. रॉड म्हणजे किती
हे आता इथल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही,
पावलं टाकून दाखवतात.
भाडं वर्षाला चौऱ्याण्णव पौंड,
साठी ओलांडली की निम्मं,
किल्लीचे वीस अनामत,
पाणी एप्रिल ते ऑक्टोबर; पुढे नळच गोठतात.

पैशांचं विचारणारे खूप.
'कधी' विचारणारे त्याहून जास्त.
मी म्हणते, आठ वर्षं. बारा.
पलीकडे जरा शांतता, मग एखादा हसतो,
एखादी विचारते, वशिला कुणाचा लागतो?
मृत्यूचा लागतो, हे मी सांगत नाही.
किंवा गुडघ्यांचा. किंवा मुलाने आईला
दक्षिणेकडे आपल्यापाशी नेण्याचा.
आणि तणाचा: दोन नोटिसांनंतरही
ते कंबरेला लागलं, की करार संपतो.

या मंगळवारी एकोणतीस नंबरचा तुकडा सुटला.
यादीत पहिला: फर्गस टलॉख.
अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज, निळ्या शाईतला.
शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ:
बायकोला गूजबेरी हवी आहे.

फोन बायकोने उचलला. एफी.
'नोव्हेंबरात गेला तो,' म्हणाली,
कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्यासारखं.
मग: 'भाडं किती झालंय आता?'
मी सांगितलं.
'चहाच्या डब्यात त्याने बत्तीस ठेवलेत,
तेव्हाचा दर. झाकणावर लिहिलंय, जमीन.
बॉयलर बंद पडला तेव्हासुद्धा
मी हात नाही लावला.'

निम्म्या दराने सत्तेचाळीस.
पंधरा कमी पडतात, मी मनात मांडलं,
आणि पंधरा माझ्या पर्समध्ये होते.
पण कलम सात: अर्ज वारशाने मिळत नाही.
दुसऱ्या अर्जदाराचा रकाना कोरा.
तिथे एक नाव लिहायला कितीसा वेळ?
निळं पेनही होतं माझ्यापाशी.

फक्त दुसऱ्या नंबरवर बोगुमिल होता,
नऊ वर्षं दर जानेवारीत फोन करणारा,
चौथ्या मजल्यावर, बाथटबमध्ये टोमॅटोच्या कुंड्या,
पोरांच्या आंघोळी बादलीत.

पेन मी खणात टाकलं.
तो आवाज बहुधा तिला ऐकू गेला.
'पुढच्याला द्या,' एफी म्हणाली,
'मला कुठलं खणणं होतंय आता.
एवढं विचाराल का त्याला,
कुंपणाशी एक गूजबेरी लावशील का?
बावीस नंबरच्या बसमधून दिसतं ते कुंपण.
मी डाव्या बाजूला बसेन.'

अशा अटीला आमच्या फॉर्मात रकाना नाही.
मी पेन्सिलने समासात लिहिली.

बोगुमिल भाडं ऐकण्याआधीच हो म्हणाला,
मग दोनदा आकडा विचारला,
मग बायकोला हाका मारत सुटला.
गूजबेरी हा शब्द त्याला ठाऊक नव्हता.
आंबट, मी म्हटलं, झुडूप काटेरी,
फळ हिरवं, आत रेघा, काचेच्या गोटीसारखं.
'अग्रेस्ट!' तो ओरडला. 'आईच्या परसात होती!
एक कशाला, तीन लावतो.'

हे एफीला कळवायचं राहिलंय.
एप्रिलपासून भाडं एकशे दोन होणार,
त्याची पत्रं आधी टाकायची आहेत,
सहाशे अकरा पाकिटं, चिकटवून.

यादी मात्र त्या दिवशी दोन पावलं सरकली.
माझंही नाव तिच्यात आहे,
ऑफिसात कुणाला माहीत नाही.
सोमवारी एकशे अठरा.
आज एकशे सोळा.